सारवलेल्या कोपऱ्यातला कारखाना

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की थोड्याच दिवसांत आमच्या कारखान्यात काकवीचे डबे येतात. गेल्या हंगामातली उरलेली काकवी, जराशी आंबलेली. झाकण उघडलं की गोड आणि आंबट असे दोन्ही वास एकदम नाकात शिरतात. काल सकाळी पहिला डबा उघडला आणि मी हातातलं काम सोडून तिथेच उभी राहिले. बायका म्हणाल्या, "काय झालं ओ, बाई?" काही झालं नव्हतं. बोलून दाखवण्यासारखं तर नाहीच. म्हणून घरी येऊन लिहायला बसले आहे. माझं नेहमी असंच होतं, बोलायचं राहतं आणि मग ते हाताला खुपत राहतं.

काकवी म्हटलं की इतरांना भाकरी आठवत असेल. मला वाळू आठवते. आमच्याकडे उसाचे लोखंडी चरक होतात. चरकाच्या लाटा म्हणजे ते जाड रूळ, ज्यांच्यामधून ऊस पिळून निघतो. लाटेच्या पोटातून दांडा जायला आरपार भोक लागतं. तेवढी जागा मोकळी राहावी म्हणून लोखंड ओतायच्या आधी साच्यात वाळूचा भाजलेला ठोकळा उभा करतात. त्याला कोअर म्हणतात. वाळूत काकवी कालवायची, लाकडी फर्म्यात दाबून भरायची, अलगद काढायची आणि भाजायची. ओतलेलं लोखंड निवलं की तोच कोअर फोडून बाहेर काढायचा. आम्ही बायका दिवसभर जे घडवायचो ते फोडण्यासाठीच असायचं, मागे राहायचं ते भोक. पण त्या भोकातून दांडा जायचा आणि चरक फिरायचा. चांगल्या भोकासाठी किती जपावं लागतं ते आम्हालाच माहीत.

मुंग्या फार यायच्या. काकवीच्या वासाने तांबड्या मुंग्यांची रांग भिंतीवरून उतरायची आणि ओल्या कोअरवर चढायची. आम्ही चुलीतली राख पसरायचो. वाळू तर नऊवारीच्या ओच्यात, कानात, भाकरीत, सगळीकडे. रात्री अंथरुणात कूस बदलली तरी करकर वाजायची. हे म्हणायचे, "निम्मी नदी घरला आनलीस की गं." हे म्हणजे माझे मालक. ते त्याच कारखान्यात साचे भरायचे. आणि त्यांचे थोरले भाऊ, माझे थोरले भाऊजी, तिथे मुख्य मेस्त्री होते. भट्टी कधी पेटवायची, वितळलेल्या लोखंडाचा रस साच्यात कधी सोडायचा, ते सांगतील तेव्हा. त्यांचा आवाज असा की भट्टीचा पंखा चालू असतानाही पलीकडच्या रस्त्यावर ऐकू जायचा.

आणि मी अशी, की बाजारात भाजीवालीला भाव विचारताना घाम फुटायचा.

संस्थान विलीन झालं ते वर्ष, किंवा त्याच्या पुढचं असेल. नवरात्र बसलं आणि कामाची वाटणी करणारा आमचा फोरमन मिरजेकडे दुसऱ्या कारखान्यात निघून गेला. ऐन हंगामाच्या तोंडावर. दिवाळी झाली की गुऱ्हाळं पेटायची. शेतकरी पाडव्याला बैलगाड्या घेऊन चरक न्यायला येणार, हे ठरलेलं. आणि कारखान्यात गोंधळ. साचे तयार असायचे तेव्हा कोअर ओले. कोअर भाजून झाले की साचे भरायच्या लोखंडी पेट्या मोकळ्या नसायच्या. दातेरी चाकांचा ढीग पडलेला आणि लाटांचा पत्ता नाही. जो तो आपल्यापुरतं काम जोरात करायचा, आणि सगळ्यांचं मिळून काहीच पुरं व्हायचं नाही.

मी आमच्या कोअरच्या खोलीपुरती एक सोय केली होती. दाराशी पत्र्याखाली एक कोपरा मी रोज शेणाने सारवायची. त्यावर रांगोळीचे ठिपके. एका चरकाची एक ओळ, जितके कोअर लागणार तितके ठिपके. कोअर झाला की ठिपक्याभोवती रेघ ओढून घर करायचं. त्या कोअरची लाट ओतून झाली की त्या घरात विटेची तांबडी पूड भरायची. कुणाला विचारायला नको, कुणाला सांगायला नको. खरं सांगायचं तर तोंड उघडायला लागू नये म्हणूनच मी ते काढलं होतं.

आप्पा, म्हणजे कारखान्याचे मालक, एक दिवस तिथे थबकले.

"हे काय गं?"

मी नुसतं ठिपक्यांकडे बोट दाखवलं. आमच्यातली गंगूमावशी पुढे झाली. ती वाळू चाळायची, अंगण झाडायची, आणि कारखान्याच्या मागेच राहायची. "अवो आप्पा, ही बोलत न्हाय, ही काडती. ह्ये बगा, ह्यो चरक झाला. ह्येच्या दोन लाटा ऱ्हायल्यात. आनि ह्यो तर निम्माच हाय."

आप्पांनी वहाणा काढल्या. सारवलेल्या जागेपाशी उकिडवे बसले आणि एकेक ओळ बोटाने मोजत गेले. उठले तेव्हा म्हणाले, "उद्यापासनं ही साऱ्या कारखान्याची काडायची. कुनी काय करायचं, कदी करायचं, तू ठरवायचं. पाडव्याला साऱ्या गाड्या भरून गेल्या तर ह्ये काम तुझंच. न्हाय गेल्या तर मी बाहेरनं मानूस आनतो, तू आपली कोअर कर."

मान खाली घालून मी वाळूत हात घातला. सगळ्यांना वाटलं, बिचारी घाबरली. घाबरले होतेच. पण मला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा कुणी मला काय हवं ते विचारलं नव्हतं, आणि मलाही कधी काही हवंसं वाटलं नव्हतं. हे हवं होतं. सगळ्या कारखान्याचं काम एका अंगणात दिसावं, कुठे अडलंय ते आधी कळावं, आणि सगळं एका दिवशी जुळून यावं. असं काही हवं असणं बाईला शोभतं की नाही, ते माहीत नव्हतं. म्हणून ह्यांनाही बोलले नाही.

आता हसू येतं, पण पहिले दिवस वाईट गेले. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. थोरल्या भाऊजींचं तर नाव सोडाच, त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, आणि थेट बोलायचं नाही. तेही माझ्याशी थेट बोलायचे नाहीत. घरात भिंतीला सांगायचे, "पानी तापलं का बगा म्हनावं." भिंत मला सांगायची. आणि अशा माणसाला आज काय ओतायचं ते मी सांगायचं! पहिल्याच सकाळी ह्यांना पेट्या हलवायला सांगायचं होतं. मी म्हटलं, "अहो." भट्टीच्या आवाजात ते कुठे ऐकू जाणार? जरा जोरात म्हटलं, "अहो!" तर चार-पाच जण एकदम वळले.

"कुनाला म्हन्तासा, वैनी? मला का ह्येला?"

सगळा कारखाना हसला. हेसुद्धा हसले. मी कोअरच्या खोलीत जाऊन काकवीच्या डब्याआड उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी मोठा कोपरा सारवला. भट्टीकडे जायच्या वाटेवरच, पत्र्याखाली. सगळे चरक ओळीने मांडले. लाटा, चाकं, बैठका, सगळं. त्या दिवशी जे आधी हवं त्या ठिपक्यापाशी झेंडूची पाकळी ठेवली. कुणाला हाक मारली नाही. माणसं आली, थांबली, बघितलं. रांगोळीवरून पाय कोण देणार? वहाणा काढून कडेने गेली, आणि जाताना आपल्या ओळीत पाकळी कुठे आहे ते बघून गेली. दुपारपर्यंत ज्या पेट्या मी तोंडाने हलवू शकले नव्हते त्या हलल्या होत्या.

थोरले भाऊजी तेवढे थांबायचे नाहीत. छाती काढून सरळ पुढे जायचे आणि भट्टीपाशी जाऊन ह्यांना ऐकवायचे, म्हणजे मला. "ह्यो कारखाना हाय का तुळशीचं अंगन? उंद्या म्हनशील सडा घाला नि भट्टीला हळदी-कुकू लावा." ह्यांनी एकदा उलट सांगितलं, "दादा, भट्टीला नारळ कोन फोडतंय मग?" भाऊजींनी रांगोळीकडे मान काही वळवली नाही. मला ठाऊक होतं, बाकी सगळे एका बाजूला आणि ते एका बाजूला. ते ज्या दिवशी म्हणतील हे बंद करा, त्या दिवशी झेंडूच्या पाकळीला कोण विचारतो?

तरी काम चालू लागलं होतं. त्या दिवसांचा एक आनंद आहे, तो मला नीट सांगता येत नाही. सकाळी ओल्या शेणाचा वास, त्यावर काकवीचा, आणि दुपारनंतर तापलेल्या लोखंडाचा. भट्टीच्या तोंडातून रस सुटला की ठिणग्या उडायच्या, बायका दारातून बघायच्या, सगळ्यांची तोंडं तांबूस व्हायची. माझी ओळीतली घरं एकेक करून तांबडी होत जायची. धान्य पिकताना शेतकऱ्याला असंच वाटत असेल. माझं शेत त्या पत्र्याखाली होतं.

वसुबारसेला घरी गाय-वासराची पूजा होती. जाऊबाई म्हणाल्या, सवाशिणीने ओवाळल्याशिवाय जायचं नाही. म्हणून मला निघायला उशीर झाला. दोनच चरकांच्या लाटा राहिल्या होत्या. कोअर आदल्या दिवशी भाजून ठेवलेले. त्या दिवशी साचे भरायचे आणि संध्याकाळी ओतायचं, की संपलं. मी भराभर चालत आले आणि फाटकातच मला कळलं की काहीतरी चुकलंय. आवाज नव्हता. भट्टीचा पंखा बंद. अंगणात एक कुत्रं तेवढं झोपलेलं.

आणि पत्र्याखाली माझी रांगोळी. इतकी सुंदर मी ती कधी बघितली नव्हती. प्रत्येक ठिपक्याला घर, प्रत्येक घरात तांबडी पूड अगदी काठोकाठ, चारी बाजूंनी गाईची पावलं, मधे हळदी-कुंकू, आणि कोपऱ्यात पणती.

गंगूमावशी खराटा घेऊन कौतुकाने उभी होती. "बगितलीस? म्या पुरी केली. वसुबारस, नि दारात अर्धी रांगुळी? म्या म्हनलं पोरीला येळ घावला न्हाय."

मी भट्टीकडे बोट दाखवलं.

"मेस्त्री आलतं की. हितं हुबं ऱ्हायलं, बगितलं, नि म्हनलं, झालं की समदं. भट्टी पेटवू नगा, घरला जावा, दिवाळी करा." बोलता बोलता तिचा चेहरा उतरला. "का गं? झालं न्हाय व्हय? अगं माज्या बाई!"

मी रांगोळीच्या कडेला बसले. गाड्या भरून जाणार नाहीत. मिरजेचा नाही तर सांगलीचा, कुणीतरी माणूस येणार. आणि मी आपली कोअर करणार.

तेवढ्यात मावशीचे शब्द माझ्या डोक्यात पुन्हा फिरले. हितं हुबं ऱ्हायलं. बगितलं. झालं की समदं.

म्हणजे ते बघत होते! छाती काढून पुढे जाणारे भाऊजी रोज बघत होते. नुसते बघत नव्हते, त्या रांगोळीच्या भरवशावर त्यांनी भट्टी विझलेली ठेवली होती. सगळा हिशेब ज्यांनी जन्मभर डोक्यात ठेवला, त्यांनी तो डोक्यातून काढून माझ्या कोपऱ्यात ठेवला होता, आणि घरी बोलले नव्हते. मला त्या बंद कारखान्यात रडू आलं आणि हसूही आलं. मी उठले.

गंगूमावशी पदर खोचून बाकीच्यांना गोळा करायला पळाली. मी भाऊजींकडे गेले. ते नदीच्या वाटेवर पिंपळाखाली न्हाव्यासमोर बसले होते. सणाची गर्दी. आपली पाळी येण्याची वाट बघत माणसं पारावर बसलेली. भाऊजींचा एक गाल गुळगुळीत झाला होता, दुसऱ्यावर साबणाचा फेस. मी पदर पुढे ओढला आणि समोर उभी राहिले. मध्ये भिंत नव्हती, हे नव्हते, जाऊबाई नव्हत्या. आणि माझा आवाज, तो तर कधीच नव्हता.

मी धुळीत बसले. बोटाने ठिपके काढले. राहिलेल्या दोन ओळी. भोवती घरं. आणि ती मोकळी ठेवून हात मागे घेतला.

"वैनी, हितं कुनाची बारस मांडली?" न्हावी म्हणाला. पारावरची माणसं हसली.

भाऊजींनी हात वर केला. हसणं थांबलं. ते खाली वाकून बघत होते.

"ही घरं मोकळी हायत?"

ते मला विचारत होते. भिंतीला नव्हे. मी मान हलवली.

"मग तांबडं कुनी भरलं?"

"गंगूमावशीनं," मी म्हणाले. आणि मग आणखी थोडं बोलले. "सण हाय म्हनून."

भाऊजी इतके हसले की फेस न्हाव्याच्या अंगावर उडाला. गळ्यातलं फडकं काढून त्यांनी फेकलं.

"अवो मेस्त्री, अर्धी ऱ्हायलीया की!" न्हावी ओरडला.

"ऱ्हाऊ दे. आदी हिची अर्धी पुरी करून येतो."

ते पुढे आणि मी मागे, असे आम्ही रस्त्याने गेलो. फाटकापाशी सगळे जमत होते. कुणी डोक्याला तेल लावलेलं, कुणाच्या हातात बाजाराची पिशवी. ह्यांनी भावाकडे बघितलं आणि म्हणाले, "दादा, एका अंगानं नवरदेव दिसतोस, नि एका अंगानं वराडी." त्या हसण्यातच साचे भरायला सुरुवात झाली. गंगूमावशी कुणी न सांगता वाळू चाळत होती, आणि चाळता चाळता स्वतःलाच शिव्या देत होती. सणाचा दिवस, पण कुणी कुरकुरलं नाही. आप्पांनी सगळ्यांना चहा आणि भजी मागवली.

पाडव्याला गाड्या आल्या. बैलांची शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरू. पन्हाळ्याकडच्या, भोगावतीकाठच्या. चरक एकेक करून चढवले आणि एकही गाडी रिकामी गेली नाही. शेवटची गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा आप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "फोरमनबाई, आता चार दिस घरला ऱ्हावा." मी घरी राहिले नाही. दुसऱ्याच दिवशी गेले.

आता कारखाना वाढला आहे. ऑइल इंजिनाचे भागही होतात. कामाची सगळी आखणी माझ्याकडे आहे, आणि दारावर पाटी आहे, उत्पादन व्यवस्थापक. पाटी रंगवणाऱ्याने विचारलं होतं, पुढे बाई असं लिहू का. आप्पा म्हणाले नको, पाटीत जागा पुरत नाही. मोठा काळा फळा आला, रंगीत खडू आले. नव्या माणसांना फळाच बरा वाटतो, आणि मलाही. त्यावर कुणी गाईची पावलं काढत नाही. पण काकवीचा पहिला डबा उघडला की मी तो कोपरा सारवते. हंगामापुरते ठिपके तिथेच मांडते. माझा आवाज अजून लहानच आहे. मात्र मी बोलायला लागले की कुणीतरी पंखा बंद करतं.

काल वासाने मला थांबवलं ते या सगळ्यासाठी नव्हे. गाड्या, पाटी, फोरमनबाई, हे सगळं छान आहे. पण मला दिसली ती वसुबारसेची संध्याकाळ.

शेवटच्या लाटेचा रस साच्यात उतरला होता. साच्याच्या तोंडाशी निळी ज्योत थरथरत होती. माणसं घामाने निथळत इकडेतिकडे टेकली होती. मी पत्र्याखाली मावशीची सुंदर रांगोळी पुसून तिथे खऱ्या दोन ओळी मांडल्या होत्या, आणि एकेक घर भरत होते. एक राहिलं तेव्हा माझ्यावर सावली पडली. भाऊजी. वहाणा काढलेल्या. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर दाढीचे खुंट आणि काजळी. त्यांनी हात पुढे केला. मी त्या भाजलेल्या, जाड तळव्यावर विटेची पूड ठेवली.

ते उकिडवे बसले. ज्या हातांनी मणभर रस एक थेंब न सांडता साच्यात सोडला होता, त्या हातांना चिमूटभर पूड सावरेना. पूड घराबाहेर सांडली, रेघ मोडली, शेजारच्या घरात गेली. त्यांनी ते बघितलं आणि ओशाळून मिशीतल्या मिशीत हसले. मी ती नीट केली नाही. आजही दर हंगामाला शेवटचं घर तेच भरतात, तसंच सांडत, आणि मी ते तसंच राहू देते.

मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले. सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल अशा त्यांच्या त्या आवाजात त्यांनी मला विचारलं, थेट मला.

"पाडवा झाल्यावर काय वतायचं?"

हातातली कामं थांबली. सगळे माझ्याकडे बघत होते. हेही. माझा पदर डोक्यावर नीट होता, आणि हात तांबडे झाले होते.

"नांगर," मी सांगितलं.

पलीकडे भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसानेही "काय म्हणाल्या?" असं विचारलं नाही. त्याला ऐकू गेलं होतं.